खिडकी उघडी ठेवणाऱ्या बाईबद्दल

सुजाता,

काल संध्याकाळपर्यंत ते पुस्तक माझ्याकडेच होतं. उशाशी ठेवलं होतं असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून खरं ते सांगते. ते शिलाई मशीनवर पडलं होतं, तुझ्या गोळ्यांच्या डब्याशेजारी. डबा अजूनही कोणी हलवलेला नाही. तुझा दादा रोज सकाळी तिथवर जातो, डब्याकडे बघतो आणि परत येतो. मी काही विचारत नाही. सध्या या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही. आम्ही थकलो आहोत. दुःख म्हणतात ते कदाचित नंतर येत असेल. आत्ता नुसता थकवा आहे, धानाची रोवणी संपल्यावर बायांच्या पाठीत बसतो तसा, झोपूनही न उतरणारा.

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला गर्दी झाली होती. त्रिसरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण बोलायला उठला. सिकलसेलशी तू कशी झुंज दिलीस, हे प्रत्येकानं सांगितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते आणि मला तुझाच आवाज ऐकू येत होता. “झुंज गिंज काई नाई, वैनी. मी पुस्तकं वाचून राह्यली आन् मधामधात दुखून राह्यलं.” हे उठून सांगायला हवं होतं. पण तुला माझं माहीत आहे. वर्गात तासभर बोलणारी मी चारचौघांत मुकी होते.

मडावीभाऊ बोलले ते मात्र तुला आवडलं असतं. वनरक्षकाच्या खाकी कपड्यांतच, जंगलातून थेट आले होते. उभे राहिले आणि म्हणाले, “सुजाताबाईनं माह्याकडून एकही पुस्तक मताशिवाय वापस नाई घेतलं.” एवढंच बोलून खाली बसले.

बाहेरगावचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत! विहाराशेजारच्या टिनाच्या खोलीतल्या तुझ्या वाचनालयात पुस्तक परत करणं म्हणजे ते टेबलावर ठेवून निघून जाणं नव्हतं. टेबलाच्या अलीकडे उभं राहायचं, पुस्तक हातात धरायचं आणि तोंडानं मत सांगायचं. ‘चांगलं हाय’ हे मत नाही. ‘नाई आवडलं’ हेही नाही. तू चष्म्यावरून बघत विचारायचीस, “कारण?” ज्याच्याजवळ कारण नसे, त्याला तेच पुस्तक पुन्हा घरी न्यावं लागे. आणि तू स्वतः सगळ्यात शेवटी. ज्याला ज्याला ते पुस्तक हवं असेल त्या सगळ्यांचं वाचून-बोलून झालं, की मग खुर्चीतल्या बाईनं बोलायचं, हा नियम तुझाच. “मी आधी बोलली तर सगळे माह्यंच मत घेऊन येतीन. लोकाइले दुसऱ्याचं वापराची सवय हाय, वैनी.”

हे पुस्तक चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात आलं होतं. वर पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. मूळ कोणाचं, मराठीत कोणी आणलं, कळायला मार्ग नव्हता. गोष्ट मात्र पूर्ण होती. बर्फाच्या मुलखातलं डोंगरावरचं एक घर. त्यात माणसांच्या रक्तावर जगणारा, मरण न येणारा म्हातारा जमीनदार. आणि त्याच्याकडे कामाला असलेली एक बाई. ती रोज पहाटे घरातल्या सगळ्या खिडक्या लावते, कारण ऊन अंगावर पडलं की त्याची राख होणार. वर्षानुवर्षं लावते. खाली गावात एखादी मुलगी सुकत गेली की लोक वर डोंगराकडे बघतात, आणि ही मान खाली घालून बाजार करून येते. शेवटच्या प्रकरणात तो तळघरात झोपायला जात नाही. पूर्वेच्या खिडकीसमोर खुर्ची ओढतो आणि बसतो. बोलत काहीच नाही. ती नेहमीसारखी एकेक खिडकी लावत येते आणि ती एक तेवढी उघडी ठेवते. तिथे पुस्तक संपतं. का ठेवली, ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही.

त्या एका खिडकीनं आपल्या सावली गावात जेवढी भांडणं लावली तेवढी निवडणुकीनंही लावली नसतील.

पहिले रामटेके टेलर. त्यांच्या मते बाई विसरली, बस. रोज तेच काम केलं की माणूस एखाद्या दिवशी विसरतोच. ते स्वतः एकदा नवरदेवाच्या कोटाला बाही लावायची विसरले होते. कारण दिलं म्हणून तू पुस्तक परत घेतलंस, पण घरी जेवताना मधेच कोटाची बाही आठवून तुला ठसका लागायचा.

मग मडावीभाऊ. त्यांनी त्या म्हाताऱ्याची बाजू घेतली. त्याची भूकच तशी, त्यात त्याचा काय दोष? वाघानं माणूस मारला तर आपण त्याला बेशुद्ध करून घेऊन जातो, तसं काहीतरी करायला हवं होतं. ते हे सांगत होते तेव्हा कुंदाबाई दारात उभ्या होत्या. अंगणवाडीतल्या मदतनीस. त्यांचा दीर मोहफुलं वेचायला गेला आणि परत आला नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मडावीभाऊंना तर अधिकच, कारण शोधायला तेच गेले होते.

“नेता ना तुमी,” कुंदाबाई म्हणाल्या. “चौथ्या माणसानंतर नेता.”

आवाज चढलेला नव्हता. मडावीभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता तू काहीतरी सावरून घेशील. तू फक्त त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलंस आणि कुंदाबाईंपुढे धरलंस. त्यांनी ते नेलं. रोवणीच्या दिवसांत, चिखलातून आल्यावर रोज थोडं थोडं वाचलं, आणि परत आणलं तेव्हा म्हणाल्या, “खिडकी उघडी ठेवली ते बरोबर. पण लय उशिरा ठेवली. इतले वर्ष ती कोनाच्या बाजूनं होती, ते सांगा मले पयले.” मग जरा थांबून, जवळजवळ स्वतःशीच: “पन तिले तरी त्या घराबाहेर कोन होतं.”

त्या दिवशी तू त्यांना चहा पाजलास. मत आवडलं असं काही म्हणाली नाहीस. तू कोणाचीच बाजू घेतली नाहीस, आणि म्हणून सगळे तुझ्या पाळीची वाट बघत होते. सगळ्यांना ठाऊक होतं की रक्ताबद्दल या गावात सगळ्यांत जास्त तुला कळतं.

मध्ये माझीच पाळी तेवढी राहिली होती.

मी लग्न होऊन गडचांदूरहून आले तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? माझ्या पेटीतून पुस्तकं निघाली म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सिमेंटच्या गावची पोरगी सिमेंटएवढं वजन घेऊन आली, असं कोणीतरी म्हणालंही. तू भिंतीला धरत धरत आलीस, कारण तेव्हाही तुझी कंबर दुखत होती. पेटीशेजारी फतकल मारून बसलीस आणि विचारलंस, “याच्यातलं आधी कोनतं वाचू?” सासर म्हणजे काय याची जी भीती होती ती त्या एका प्रश्नानं गेली. याचे आभार मी कधी मानले नाहीत. नणंदेचे आभार कुठे मानतात?

आणि तुझ्या आजाराची ओळख मला पुस्तकातून नाही, तुझ्या गुडघ्यांवरून झाली. गरम पाण्याची पिशवी धरून रात्रभर बसायचं आणि तू दातांत ओढणीचं टोक धरायचीस. रक्त कमी झालं की वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात जायचं. माझा गट तुझ्याशी जुळतो हे कळलं त्या दिवशी मी किती खूश झाले होते. आणि तू साफ नाही म्हणालीस.

“तुह्यं नोको, वैनी. तुह्यं रक्त घेतलं तर मंग तुह्याशीच भांडू कशी?”

मी चिडले. अनोळखी माणसाचं चालतं आणि माझं चालत नाही? तू ऐकलं नाहीस. मग रक्तपेढीत तुझ्या बदल्यात मी द्यायची. माझं कुठल्यातरी अनोळखी माणसाकडे जायचं आणि अनोळखी माणसाचं तुझ्याकडे यायचं. तू म्हणायचीस, हे बरं आहे, कोणाचे आभार मानायचे ते माहीत नाही म्हणजे सगळ्यांचेच मानून टाकायचे. कधी पिशवीकडे बघत म्हणायचीस, “नाव सुजाता. तिनं बुद्धाले खीर देली आन् मी आपली घेऊन राह्यली.” आणि त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याबद्दल एकदा: “त्याचं अन् माह्यं खानं एकच. मले फक्त पिशवीतून भेटते.” मी हसले तशी बोट वर केलंस. “हे मत नाई हां. मत बाकी हाय माह्यं.”

माझी पाळी आली तेव्हा मी टेबलासमोर उभी राहून बोलले. बर्फाचं वर्णन किती सूचक आहे, भीतीतून करुणा कशी उभी राहते, शेवट कसा संयत आहे. तू पूर्ण ऐकून घेतलंस.

“हे बारावीच्या पेपरात चालन,” तू म्हणालीस. “हे पुस्तकाचं झालं, मास्तरीण. तुह्यं काय? तिनं खिडकी लावाले पायजे होती का नाई?”

मी म्हटलं, विचार करून सांगते.

“मंग घेऊन जा घरी.”

घर एकच होतं आपलं. पुस्तक माझ्या पिशवीत, पिशवी तुझ्या खाटेशेजारच्या खिळ्याला. पण घरी तू कधी विचारलं नाहीस. वाचनालयातलं वाचनालयात, हाही तुझाच नियम. मी ते पुस्तक पुन्हा वाचलं, आणि या वेळी त्यात मला ना बर्फ दिसला ना डोंगर. एक बाई दिसली, जी रोज पहाटे उठते आणि एका थकलेल्या माणसाला अजून एक दिवस जगवते. त्याला तो दिवस हवा आहे की नाही हे न विचारता.

कारण तोवर तू मला विचारून चुकली होतीस.

थंडी सुरू झाली होती. तुझ्या खुब्याचं हाड झिजून तू काठीवर आली होतीस. मी भाजी चिरत होते, तू लसूण सोलत होतीस. लसूण सोलता सोलता म्हणालीस, “या थंडीत अखीन झटका आला तर नेऊ नोको मले गडचिरोलीले. इथीच राहू दे. बस झालं आता.”

मी चंद्रपूरच्या कुठल्याशा नव्या डॉक्टरचं बोलायला लागले. तू थांबून राहिलीस. मग मी म्हटलं, दादा ऐकणार नाही.

“दादाचं नाई इचारलं. तुह्यं इचारलं.”

भाजी लागेल म्हणून मी उठले. फोडणीही टाकलेली नव्हती अजून.

तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. फक्त एकदा वाचनालयात, टेलर आणि कुंदाबाई बसलेले असताना, म्हणालीस, “सगळ्याइचं झालं, आमच्या वैनीचंच मत बाकी हाय.” सगळे हसले. मीही हसले. तू हसली नव्हतीस.

मला तेव्हाच कळलं होतं की मी पुस्तक का अडवून ठेवलंय. मी बोलले की तुझी पाळी येणार. आणि तुझी पाळी आली की तू खिडकीबद्दल काय म्हणशील ते मला ठाऊक होतं, किंवा मला तसं वाटत होतं. ते सगळ्यांसमोर एकदा बोललं गेलं की मग मला त्याप्रमाणे वागणं भाग होतं. नियम तुझा, पण त्याच्या आड लपले मी.

त्या दुपारी तुला ताप चढला आणि श्वास पुरेना. दादा चौकात जाऊन गाडी घेऊन आला. तू खाटेवरून माझ्याकडे पाहिलंस. दादाकडे नाही, माझ्याकडे. मी तुझ्या अंगावर शाल टाकली, पायांत चपला चढवल्या आणि काखेत हात घालून तुला उठवलं. तू विरोध केला नाहीस. ते जर विश्वासानं असेल तर मला सहन होत नाही, आणि नाइलाजानं असेल तर त्याहून नाही.

पुलावर गाडी आली तेव्हा म्हणालीस, “काच खाली कर.” ड्रायव्हर म्हणाला, गार वारा आहे बाई, त्रास होईल. मी चार बोटं काच उतरवली. तू डोळे मिटूनच म्हणालीस, “इतलीच?”

मग मी ती पूर्ण खाली केली. नदीपात्रातल्या टरबुजाच्या वाड्या हिरव्या झाल्या होत्या, ओल्या रेतीचा वास येत होता. तुझे केस माझ्या तोंडावर उडत होते.

त्या दवाखान्यातल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं. पिशवी लावली होती. ती अर्धी उतरली होती तेव्हा तू गेलीस. मी त्या उरलेल्या अर्ध्या पिशवीकडे बघत बसले. कोणाचं होतं ते? कुठल्या गावचा माणूस बाही वर करून बसला असेल? त्याला सांगावंसं वाटलं की तुझं वाया गेलं नाही, अर्धं तिनं घेतलं. तुझ्यातर्फे त्याचे आभार मानले. तू म्हणायचीस तसे, सगळ्यांचेच मानून टाकले.

मला तुझा रागही येतो. लसूण सोलताना कोणी असलं विचारतं का? आणि विचारलंस तर उत्तर घेतल्याशिवाय कशी गेलीस? इतरांना तर कारणाशिवाय सोडत नव्हतीस.

वाचनालय बंदच होतं. शेवटी मडावीभाऊ आणि टेलर घरी आले, ओट्यावर बसले, पावसापाण्याचं बोलले आणि जाता जाता टेलर म्हणाले की चावी तुमच्याकडेच आहे जी. काल मी खोली उघडली. तुझ्या खुर्चीत बसवलं नाही. मी स्टुलावर बसले. पुस्तक पिशवीत होतं. कोणी यायच्या आत ते गुपचूप कपाटात ठेवून द्यायचं, असं घरून निघताना ठरवलं होतं. पण कुंदाबाई माझ्याआधीच येऊन पायरीवर बसलेल्या. आत आल्या, पेपर उघडला आणि वाचत बसल्या.

थोड्या वेळानं एक बाई आली. एटापल्लीहून बदलून आलेली नर्स, गावात नवीन. म्हणाली, “मॅडम, ते खिडकीवालं पुस्तक हाय का इथी? दवाखान्यात बाया सांगून राह्यल्या.”

मी पिशवीत हात घातला आणि पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं.

“असं नाई देता येत,” कुंदाबाई पेपरातून मान न काढता म्हणाल्या. “आधी वापस झालं पायजे ते. याइचं मत बाकी हाय.”

नर्सला काही कळेना. मी उठले. टेबलाला वळसा घालून अलीकडे आले, जिथे सगळे उभे राहतात तिथे, आणि पुस्तक दोन्ही हातांत धरलं. समोर तुझी रिकामी खुर्ची. पाठीवर तू बांधलेली ती उशी तशीच.

“तिनं खिडकी उघडी ठेवली ते बरोबर केलं,” मी म्हटलं. “कारण तो स्वतः येऊन त्या खुर्चीत बसला होता.” इथे थांबता आलं असतं. पेपरात चाललं असतं. “आणि मी तिथे असते तर मी ती लावली असती. कारण दुसऱ्या दिवशी त्या घरात मला एकटीला उठावं लागलं असतं.”

कुंदाबाईंनी पेपराची घडी केली.

“दोन कारनं झाली,” त्या म्हणाल्या. “चालते.”

मी पुस्तक टेबलावर ठेवलं. हात हलके झाले असं वगैरे काही झालं नाही, सुजाता. थकवा होता तसाच आहे. फक्त ते आता माझ्याकडे नव्हतं.

नर्स पुस्तक उचलता उचलता थांबली. या गावातलं तिला काही माहीत नव्हतं, म्हणूनच विचारू शकली. “आन् ज्या बाई हे वाचनालय चालवतात, त्याइचं काय मत हाय?”

कुंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“त्या शेवटी बोलतात,” मी म्हटलं. “आधी तुमी वाचा.”

ती पुस्तक पिशवीत घालून गेली. वाचून झालं की येईल, उभी राहील, कारण सांगेल. तिच्यानंतर आणखी कोणीतरी मागायला येईल. नियम तुझाच आहे. तुझी पाळी अजून आलेली नाही.